बासरी पुढं का पळाली

"वाजवायला लागलास की थांबायचं नाही, हात उचलायचा नाही, तोंडातनं एक शब्द काढायचा नाही. पूर्ण पाच मिनिटं. आहे का दम?"

"पाचच?" मिहीर म्हणला. "मला वाटलं काहीतरी अवघड सांगशील."

"थांबलास तर?"

"थांबलो तर महिनाभर तुला मॅडम म्हणतो. भर मार्केटात."

"आणि नाही थांबलास तर तुझी स्कूटर मी पुसतो. महिनाभर."

त्यानं हात पुढं केला. मी टाळी दिली.

पैज लागली.

यात गोम काय आहे, असं एका शब्दानं विचारलं नाही गड्यानं. हुशार माणसाचं हेच बरं असतं. त्याला खड्डा दाखवला की तो किती खोल आहे ते बघायला स्वतःच उतरतो.

मी पोरगी आहे. वैजू. पण आमच्या मिरजेत पोरीबी 'आलो-गेलो'च म्हणतात, तेव्हा पुढं गोंधळू नका.

हे झालं दस्तगीर चाचांच्या दुकानात, सकाळी अकराच्या सुमाराला.

चाचा पेट्या सुरात लावतात. वाजवायच्या पेट्या. आतलं पितळेचं पातं कानशीनं घासायचं, ऐकायचं, परत घासायचं. पन्नास वर्षं हेच. बोलतात कमी. दिवसाला दहा वाक्यं, त्यातली चार 'चहा सांग' असतात.

मी त्यांच्याकडं शिकायला जातो. नववी नापास झाल्यावर घरच्यांनी दोन ठिकाणं काढली होती. एक शिवणक्लास, एक दस्तगीर चाचा. शिवणक्लासवाल्या बाईंनी तीन दिवसांत परत पाठवलं. त्यांच्या खुर्चीच्या गादीत टाचण्या कुणी ठेवल्या ते अजून सिद्ध झालेलं नाही.

दुकानाच्या मागं एक खोली आहे. भिंतींना गाद्या ठोकल्यात आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. तिथं लोक येऊन रेकॉर्डिंग करून नेतात. त्या दिवशी रेल्वे कॉलनीच्या भजनी मंडळाची गौळण होती. तबला मारुतीतात्यांचा, बासरी मिहीरची.

बासरी म्हणजे बांबूची नाही. मिहीरकडं मिडी कीबोर्ड आहे. त्याला स्वतःचा आवाज नसतो. मुका. तुम्ही पट्टी दाबली की तो कॉम्प्युटरला नुसतं सांगतो, 'ही पट्टी दाबली बघ.' मग कॉम्प्युटर बासरी काढतो.

तात्यांचा तबला सकाळीच रेकॉर्ड करून झाला होता. तात्या रेल्वेत सांधेवाले होते. चौतीस वर्षं मिरज जंक्शनला गाड्यांचे सांधे बदलले. चाचांनी विचारलं होतं, "मारुती, लयीसाठी कानात टिकटिक देऊ का?"

तात्या म्हणाले, "माझ्या आत आहे ती."

आणि वाजवलं. एका दमात. गाडी फलाटाला लागावी तसा केरवा लावला.

मग मिहीर आला. सांगलीचा. परीक्षा दिलेला, सर्टिफिकेटवाला. आत पाय ठेवला तोच चाचांच्या पेट्यांकडं बघून म्हणला, "हे डबे अजून चालतात?"

मग तात्यांना म्हणला, "आजोबा, आता हे सगळं मशीनवर होतं. तुम्ही कशाला हात दुखवून घेता?"

मग मी म्हणलं, की तुझ्या बासरीचा निषाद जरा चढा लागतोय. तर माझ्याकडं न बघता म्हणला, "नववी नापास माणसानं सुरावर बोलू नये."

चाचांच्या समोर म्हणला.

चाचांनी कानस झटकली आणि म्हणाले, "बस. चहा घेणार?"

मला राग कशाचा येतो सांगू? वाकडं बोलणाऱ्याचा तर येतोच. पण ते ऐकून घेऊन वर त्याला चहा विचारणाऱ्याचा जास्त येतो.

म्हणून पैज.

टाळी देऊन मिहीर हात धुवायला मोरीकडं गेला. चाचा चहा सांगायला बाहेर. तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. मी माऊस धरला.

कॉम्प्युटर आवाज आणतो तो नळावरनं पाणी आणल्यासारखा. भांडं भरल्याशिवाय हलत नाही. तांब्या लावला तर पटकन भरतो, पटकन येतो. पण फेऱ्या मारून त्याला धाप लागते आणि आवाज तडतडतो. हंडा लावला तर त्याला आराम, पण तो येईपर्यंत तुमचा घसा कोरडा. म्हणून वाजवताना तांब्या लावायचा, आणि वाजवून झाल्यावर सगळं एकत्र करताना हंडा. भांडं केवढं, ते कॉम्प्युटरमधल्या एका आकड्यावर ठरतं.

हे मला चाचांनीच सांगितलं होतं. एकदाच. आणि वर बजावलं होतं, कुणाचं काम चालू असताना त्या आकड्याला हात लावलास तर दुकानात पाय ठेवायचा नाही.

आकडा एकशे अठ्ठावीस होता.

मी दोन हजार अठ्ठेचाळीस केला.

मिहीर आला, हात पुसले, बसला. लाल बटण दाबलं. स्पीकरमधनं तात्यांचा तबला सुरू झाला. त्यानं ऐटीत पहिली पट्टी दाबली.

बासरी आली... पण जरा थांबून आली. 'थांबा हं, चप्पल घालते' म्हणून आल्यासारखी.

त्यानं कॉम्प्युटरकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघत होतो.

त्यानं तोंड उघडलं. पैज आठवली. मिटलं.

दुसरी पट्टी. परत तेच. त्याचा कान लाल झाला. मला वाटलं आता थांबतो, आता थांबतो. मार्केटात मॅडम म्हणून घ्यायला कुठल्या दुकानासमोर उभं राहायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं.

पण बेट्यानं काय केलं...

बासरी उशिरा येतीय ना, तर मग तो बोट आधी टाकायला लागला. तबल्याचा ठोका पडायच्या जरा आधी पट्टी दाबायची, म्हणजे बासरी येते तेव्हा बरोब्बर ठोक्यावर उतरते. दोन ओळींत त्याला जमलं. तिसऱ्या ओळीपासनं खोलीत असं काय जुळून आलं की तात्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

"वा," म्हणाले.

चाचा चहा सांगून येऊन बसले होते. त्यांनी मान हलवली नाही. ते ऐकत नव्हतेच. मिहीरच्या बोटांकडं बघत होते.

पाच मिनिटं झाली. तो थांबला नाही, हात उचलला नाही, बोलला नाही. मी पैज हरलो. खरं सांगायचं तर पोरगं वाजवतं. मला त्याचाबी राग आला.

"स्कूटर दारात आहे," मिहीर बोटं मोडत म्हणला. "फडकं डिकीत."

सगळे चहाला बाहेरच्या खोलीत गेले. मी मागं राहिलो आणि आकडा परत एकशे अठ्ठावीस केला. झालं. पुरावा संपला. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

चहा पिता पिताच चाचांनी मला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं.

मी लावलं.

तबला लागला. आणि बासरी त्याच्या पुढं पळायला लागली. एका ठोक्याला नाही, प्रत्येक ठोक्याला. तबला म्हणतोय थांब, आणि ही बया जिन्यावरनं चार पायऱ्या उतरून गेलीय.

मला तिथंच कळलं. कॉम्प्युटर मिडीचा आवाज लिहून ठेवत नाही. बोट कधी पडलं, तेवढंच लिहून ठेवतो. मिहीरची बोटं सगळी आधी पडली होती. वाजवताना जो उशीर त्याच्या कानाला लागला तो कुठंच लिहिला गेला नाही. घाई तेवढी लिहिली गेली.

मनात म्हणलं, देव आहे. स्कूटर गेली खड्ड्यात, आता याचं तोंड बघू.

मिहीरनं कप खाली ठेवला.

"तबला मागं पडतोय," तो म्हणला.

"काय?" मी म्हणलं.

"मी वाजवत होतो तेव्हा कसं जुळत होतं? तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. आजोबांनी तर वा म्हणलं. म्हणजे माझी चूक नाही. मी त्यांना सांभाळून घेत होतो, म्हणून तेव्हा कळलं नाही. आता उघडं पडलं. टिकटिक लावून वाजवलं असतं तर ही वेळ आली नसती."

आणि सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं.

तात्यांच्या हातात बशी होती. बशी हलत होती. त्यांचा हात बशी धरली की हलतो, दोन वर्षं झाली. तबल्यावर कधीच हलत नाही. पण त्या वेळी सगळ्यांना बशीच दिसली. तात्यांनासुद्धा.

"परत लाव," तात्या म्हणाले.

मी लावलं.

"परत."

लावलं.

तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी बशी खाली ठेवली आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. स्वतःच्याच तबल्याबरोबर. मग बासरी ऐकून मध्येच बोटं उचलली.

"व्हय," म्हणाले. "मीच मागं आहे."

"तात्या, नाही ओ..."

"वैजे, गप. मला वाटतच होतं. महिना झाला, झोपेतबी वाटतंय की हात मागं राहतोय. सांधा बदलायला माणूस जरा मागं राहिला तर काय होतं, ठाऊक आहे तुला? कुणी हाताला धरून उठवायच्या आधी आपणच उठायचं असतं."

मला वाटलं मिहीर म्हणेल, अहो नाही, असं कसं, एवढ्यावरनं काय. शत्रूसुद्धा एवढं म्हणतो.

मिहीर म्हणला, "वय झालं की होतं, आजोबा. वाईट वाटून घेऊ नका."

माझं डोकं फिरलं.

"ए, तोंड सांभाळ. मागं कुणी पडलं नाही. तू पुढं पळालास."

"मी? आईशप्पत सांगतो, माझ्या कानाला एकेक सूर ठोक्यावर येत होता."

"खोटं बोलतोय हा, चाचा."

चाचा म्हणाले, "खरं बोलतोय."

"म्हणजे तात्या मागं होते?"

"नाही."

"मग?"

"मारुतीबी खरा."

"दोघं खरे कसे असतील? दोघं खरे असते तर जुळलं असतं की. मग खोटं कोण?"

चाचांनी बिडी काढली, बघितली, परत ठेवली.

"कॉम्प्युटर," मी म्हणलं. कॉम्प्युटरला कुणी कानाखाली देत नाही. "त्याचंच काहीतरी बिघडलंय."

चाचा उठले. मागच्या खोलीत गेले. कीबोर्डकडं बोट केलं.

"वाजव."

मी बसलो. तबला लागला. मला मिहीरसारखं येत नाही, पण गौळणीची एक ओळ येते. वाजवली. जुळली. बोट आणि बासरी एकदम, तबल्याच्या कडेला कडा लागून.

"ही आजोबांच्या मागं मागं फरफटतीय," मिहीर दारातनं म्हणला. "जुळणारच."

चाचांनी त्याच्याकडं बघितलंबी नाही.

"कॉम्प्युटर खरा," म्हणाले.

दुकानात चार माणसं आणि एक मशीन. खऱ्यांची संख्या वाढत चालली होती आणि माझी बसायची जागा कमी होत चालली होती.

मी म्हणलं, "मिहीरला परत वाजवू द्या की."

ही माझी हुशारी. त्यानं आता वाजवलं असतं तर सरळ जुळलं असतं. तात्या सुटले असते आणि माझं नाव कुठंच आलं नसतं.

मिहीर म्हणला, "मी एकदा दिलं ते दिलं. एका दमात दिलंय, पैज जिंकून दिलंय. दुसरा तबलजी आणा, मग बसतो."

दुसरा तबलजी.

तात्यांच्या समोर.

मी चाचांकडं बघितलं. आता तरी बोलतील. चाचा तात्यांकडं बघत होते. तात्या तबल्याला गवसणी घालत होते. आधी तबला, मग डग्गा. नाडी बांधताना हात हलला, गाठ सुटली. परत बांधली.

मग त्यांनी हातोडी हातात घेतली. तबला सुरात घ्यायची, लहानशी, दांडा झिजून काळा झालेला. बघत उभे राहिले.

"दस्तगीर, ही तुझ्याकडं ठेव. कुणी शिकणारं आलं तर दे."

चाचांनी हात पुढं केला नाही.

तात्यांनी ती टेबलावर ठेवली. आवाज न होता ठेवली. आणि दाराकडं गेले.

मला तेव्हा काय काय वाटलं ते ऐका. मिहीरची स्कूटर कृष्णा नदीत ढकलावी वाटली. तात्यांना हलवून विचारावं वाटलं, की एका पोरट्यानं सांगितलं म्हणून चौतीस वर्षांच्या हातावरचा विश्वास गेला? गाद्या फाडाव्या वाटल्या. सगळ्यांचा राग आला. एक माणूस सोडून.

आणि त्या माणसाला एवढंच दिसत होतं, की खरं सांगितलं तर उद्यापासनं दुकान बंद. शाळेनं काढलं, शिवणक्लासनं काढलं. हे एकच ठिकाण होतं जिथं मला सकाळी उठून जावंसं वाटायचं.

"चाचा," मी म्हणलं, "तुम्ही नुसतं बघताय. चाळीस वर्षांची दोस्ती ना तुमची? तो माणूस चालला. हातोडी ठेवून चालला. आणि तुमच्या तोंडातनं एक शब्द निघत नाही. याला म्हणायचं का वस्ताद?"

एवढं बोलल्यावर मलाच जरा भीती वाटली.

चाचा बाहेरच्या खोलीत येऊन खाली बसले. पुढ्यात एक उघडी पेटी होती, दुरुस्तीला आलेली.

"ये," म्हणाले. "सूर बघू."

आता? सूर बघायची ही वेळ आहे?

चाचांची एक रीत आहे. घासलेला सूर तपासताना पट्टी ते दाबतात, पण भाता दुसऱ्यानं मारायचा. एकट्यानं कधी तपासत नाहीत. म्हणतात, आपल्या हवेवर आपला सूर गोडच लागतो.

मी पाय आपटत गेलो. बसलो. भात्याला हात लावला.

चाचांनी पट्टी दाबली.

मी भाता मारला नाही. हवा नाही, तर सूर नाही.

आधी रागानं मारला नाही. म्हणलं, दाबा आता. बसा.

चाचा बसले.

बोट पट्टीवर. पट्टी खाली. दुकानात काही आवाज नाही. बाहेर एक रिक्षा गेली.

"काय ओ," मिहीर म्हणला, "पेटी बिघडली?"

"पेटी चांगली आहे."

"मग पट्टी दाबा की."

"दाबलीय."

"मग वाजत का नाही?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. पेटीकडं बघत होते. बोट तसंच.

तात्या दारात चप्पल घालत होते. एका पायात गेली होती.

मी भात्यावरच्या माझ्या हाताकडं बघितलं...

आता रागानं नाही. आता हात हलतच नव्हता.

तात्यांचा दुसरा पाय चपलेत गेला.

"मी केलं," मी म्हणलं.

कुणाला ऐकूच गेलं नाही बहुतेक.

"तात्या. मी केलं."

तात्या वळले. "काय केलंस?"

"मिहीर हात धुवायला गेला तेव्हा मी आकडा बदलला. एकशे अठ्ठावीसचं दोन हजार अठ्ठेचाळीस केलं. त्यामुळं त्याला बासरी उशिरा ऐकू येत होती. ती ठोक्यावर यावी म्हणून तो बोट आधी टाकत होता. पाचही मिनिटं तसंच चाललं होतं. वाजवताना म्हणून जुळलं, आणि नंतर म्हणून पुढं पळालं. मग तुम्ही चहाला गेला तेव्हा मी आकडा परत होता तसा केला. याची जिरवायला केलं. तुमच्यावर येईल हे माझ्या डोक्यातबी नव्हतं. आल्यावर मी गप बसलो. तीनदा लावून ऐकवलं तुम्हाला, आणि गप बसलो."

एका दमात म्हणलं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

तात्या तिथंच उभे. दाराला धरून.

"म्हणजे माझा हात..."

"तुमचा हात जिथल्या तिथं होता, तात्या. केसभरबी मागं नाही."

तात्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. उलटा केला, सुलटा केला. हलत होता. त्यांनी त्याला हलू दिलं.

मग चपला काढल्या. आत आले. टेबलावरची हातोडी उचलून पिशवीत टाकली, आणि जाता जाता माझ्या डोक्यात अशी टपली मारली की कानात तंबोरा लागला.

"भवाने," म्हणाले. आणि गवसणीची नाडी सोडायला बसले.

मिहीरचं तोंड उघडंच होतं. मला वाटलं आता हा चिडेल, शिव्या देईल, पैज फुकट गेली म्हणेल. मी तयारीत होतो. मला तर बरंच वाटलं असतं.

तो तात्यांच्या समोर जाऊन उकिडवा बसला.

"मी तुम्हाला मगाशी..." म्हणला. आणि पुढं काय म्हणायचं ते त्याला येईना. परीक्षेत ते नसावं. शेवटी म्हणला, "तात्या, परत वाजवू?"

सकाळपासनं पहिल्यांदा आजोबा म्हणला नाही.

"वाजव की," तात्या म्हणाले. "पण टिकटिक लावू नको."

दोघं आत गेले. मी भात्यावर हात ठेवून तसाच बसलो होतो. डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण ते रागाचं होतं, एवढं लक्षात ठेवा.

"मला काढून टाका," मी चाचांना म्हणलं. "तुम्ही सांगितलं होतं, मी केलं, माझं चुकलं. उद्यापासनं येत नाही. पण एक सांगा."

चाचांनी मान वर केली.

"तुम्ही बोटं बघत होता. मी बघितलं तुम्हाला बघताना. बोट आधी पडतंय हे तुम्हाला तिथंच कळलं. आकड्याला कुणी हात लावला तेबी कळलं. दुकानात दुसरं कोण आहे असलं करणारं? एक शब्द बोलला असता, एक, तर तात्या दारापर्यंत गेले नसते. हातोडी ठेवली नसती. ती ठेवताना तुम्ही त्यांचं तोंड बघितलं ना? मग का गप बसला?"

चाचांचं बोट अजून पट्टीवरच होतं.

"मी कुठं गप होतो, बेटा," ते म्हणाले. "सकाळपासनं पट्टी दाबूनच बसलोय."